उत्तरे शेवटच्या पानावर

आमची दोन्ही मुले गेल्या जूनपासून शाळेत जात नाहीत. थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेपाचाचा. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत ही बातमी पसरली तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी हळू आवाजात विचारले, "फीचं काही?" मी त्यांना समजावले की प्रश्न फीचा नाही, चाकोरीचा आहे. शाळा मुलांना साच्यात घालते. घंटा झाली की गणित, घंटा झाली की मराठी, घंटा झाली की डबा. जिज्ञासा काय घंटेवर चालते? काका "बरं" म्हणाले आणि भाजी आणायला गेले.

पहिले तीन महिने मुले मोकळी होती आणि आम्ही नव्हतो. बायको सकाळच्या फास्ट लोकलने कचेरीला जाते. मी घरून काम करतो, म्हणजे माझ्या मीटिंगमध्ये मागून कोण कोणाला चावले हे सहकाऱ्यांना आधी कळते आणि मला नंतर. चाकोरी ही वस्तू वाईट नसून तिचा पत्ता तेवढा चुकीचा होता, हे सत्य मला याच काळात उमगले. ती शाळेत असू नये. ती घरात असावी, आणि तिने आपली आपण चालावे.

घरशाळेच्या वाटेवर आमच्या पुढे थोर उदाहरणे आहेतच. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळेतून बाहेर पडली आणि दहावी-बारावीच्या मार्कशीटशिवाय, संगणकाच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर २०१६ साली थेट एमआयटीत पोचली. ही गोष्ट मी आतापर्यंत सासऱ्यांना चार वेळा आणि काकांना दोन वेळा सांगितली आहे. तिच्या आईने त्यासाठी नोकरी सोडली आणि मुलीचा अभ्यासक्रम स्वतः बसून आखला, हा बातमीतला भाग मी सांगत नाही. त्याने प्रेरणा कमी होते. कायद्याचेही आम्ही पाहून ठेवले आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांबद्दल बोलतो, पण घरी शिकवणाऱ्यांबद्दल तो इतक्या सभ्यपणे गप्प आहे की त्याला बोलते करण्याची आम्हालाही घाई नाही. पुढे मुक्त विद्यालय आहे, बाहेरून परीक्षेला बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. काळजी फक्त व्याकरणाची होती.

इतर विषयांचे भागते. गणिताला यूट्यूब आहे, विज्ञानाला भिजवलेले मूग आहेत, भूगोलाला बोरिवलीचे नॅशनल पार्क आहे. व्याकरणाला मात्र कोणीतरी समोर बसावे लागते, आणि त्या कोणीतरीला ते यावे लागते. मला ते येत होते. 'स ला ते, स ला ना ते' मी अजूनही झोपेत म्हणू शकतो, किंबहुना जागेपणी म्हणायला जास्त अवघड जाते. पण थोरलीने पहिल्याच दिवशी विचारले, "बाबा, द्वितीयेला स-ला-ते आणि चतुर्थीलाही स-ला-तेच, मग दोघी वेगळ्या कशा?" माझी लगेच एक मीटिंग निघाली.

दोष तिचा नाही. तो १८३६ सालचा आहे. त्या साली दादोबा पांडुरंग तर्खडकर नावाच्या बाविशीच्या मुंबईकराने 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापले. त्यापूर्वी विल्यम केरीने १८०५ मध्ये श्रीरामपूरहून मराठीचे एक व्याकरण काढले होते, पण ते साहेबांनी साहेबांसाठी केलेले. दादोबांनी संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर मराठीची मांडणी केली, विभक्त्यांची घरे आखली, आणि संस्कृतात जी घरे वेगवेगळी होती त्यांतल्या दोन घरांत मराठीचे एकच कुटुंब राहते हे दिसूनही दारांवर पाट्या दोन राहिल्या. आवृत्तीमागून आवृत्ती दुरुस्त करत दादोबा या विषयावर आयुष्यभर विचार करत राहिले. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर विचार केला. १९११ साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून मागच्या सगळ्यांवर विचार केला. मग मंगरूळकर, अर्जुनवाडकर. म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने दिवाणखान्यात विचारलेल्या प्रश्नावर पावणेदोनशेहून अधिक वर्षे विद्वान माणसे भांडत आली आहेत, आणि मी दहा मिनिटांत त्यात पडावे ही अपेक्षा कोणत्याही सुजाण पालकाकडून करू नये.

तरीही कर्तव्य म्हणून मी दादरला गेलो. पुस्तकांच्या दुकानात दामले हातात घेऊन पाहिले. हे दामले म्हणजे केशवसुतांचे धाकटे भाऊ. थोरल्याने कवितेतल्या जुन्या बांधणीला सुरुंग लावला आणि धाकट्याने बांधणीचा दगड अन् दगड मोजून ठेवला, एकाच घरात. पुस्तक उघडले तर पानोपानी 'पण असे म्हणावे तर', 'यावर कोणी म्हणेल'. ग्रंथ जागच्या जागी ठेवला. मग वाळंबे पाहिले. 'सुगम मराठी व्याकरण व लेखन', स्पर्धा परीक्षांच्या मुलांचे ते दैवत. सुगम खरेच आहे, पण त्यात एक खोट निघाली: ते वाचावे लागते. बालभारतीची पुस्तके तर फुकट डाउनलोड होतात, आणि त्यांत व्याकरण धड्याच्या पोटात घातलेले असते. ते शोधण्यासाठी आधी धडा वाचावा लागतो, आणि मुलांना तो आवडला तर दिवस हातचा जातो.

अशी निराशा पदरात असताना मला व्याकरणाच्या सरावपानांचा तो संच मिळाला. नाव सांगत नाही, कारण उत्तम गोष्टींची जाहिरात लागत नाही. तीन पातळ्या, प्रत्येक पातळीत १८० पाने, प्रत्येक पान म्हणजे एक दिवस, प्रत्येक दिवस म्हणजे दहा मिनिटे. वर उदाहरण, खाली सहा रिकाम्या जागा, कोपऱ्यात पालकांच्या सहीची चौकट. वेष्टणावर ठळक अक्षरांत तीन वचने होती: पालकांना पूर्वतयारी नको, पालकांना व्याकरण येण्याची गरज नाही, उत्तरे शेवटच्या पानावर. माझे डोळे पाणावले. मोक्षाचा मार्ग इतक्या थोडक्यात ज्ञानेश्वरांनाही सांगता आला नव्हता, त्यांना नऊ हजार ओव्या लागल्या.

या संचाचे मोठेपण समजण्यासाठी त्यात काय नाही हे पाहावे. त्यात 'का' नाही. एका घरशाळावाल्या मातेने मला घाटकोपरच्या मेळाव्यात विचारले, "मुलांना त्यातून भाषा येते का?" मी तिला १९६३ सालचा अमेरिकेतला दाखला दिला. रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे संशोधन तपासून असा निष्कर्ष काढला की नुसते औपचारिक व्याकरण शिकवल्याने मुलांचे लिखाण सुधारत नाही, उलट लिहिण्याच्या सरावाचा वेळ त्यात जात असल्याने अपायच होण्याची शक्यता. हे ऐकून त्या बाईंना वाटले मी हरलो. मी त्यांना हिशेब सांगितला. जी गोष्ट पुष्कळ कष्ट करून उपयोगी पडत नाही, ती अजिबात कष्ट न करता तेवढीच निरुपयोगी पडते. फळ तेच, श्रम शून्य. जगात याहून मोठा नफा कोणत्या धंद्यात आहे? बाई विचारात पडल्या. त्यांचा मुलगा तेवढ्यात गोष्ट लिहीत बसला होता, त्याला त्यांनी उगाच जवळ घेतले.

इंग्रजीसाठी फार शोधावे लागले नाही. तिथे रेन अँड मार्टिन आहे. त्यातले रेन म्हणजे पी. सी. रेन. ते आपल्याच मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि नंतर त्यांनी १९२४ साली 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिली, फ्रेंच परदेशी पलटणीची. घर सोडून पळालेली मुले, वाळवंट आणि कडक कवायत. व्याकरणाच्या पुस्तकातही वाळवंट आणि कवायत तीच आहे, फक्त पळून जायची सोय नाही. पण रेन अँड मार्टिनची मला भावलेली गोष्ट अशी की त्याची किल्ली वेगळे पुस्तक म्हणून विकत मिळते. मी आधी किल्ली घेतली. कुलूप पुढच्या महिन्यात घेऊ.

आता संचाच्या आड आलेल्या अडचणींबद्दल. त्या सगळ्या मुलांकडून आल्या.

मुख्य अडचण अशी की मुलांना व्याकरण आधीच येत होते. हे कोणी शिकवले याची मी चौकशी केली, पण एकाही पानावर सही सापडली नाही. धाकट्याचेच पाहा. अमेरिकेत १९५८ साली जीन बर्को नावाच्या संशोधक बाईंनी 'वग' नावाचा जगात नसलेला प्राणी कागदावर काढून चार ते सात वर्षांच्या मुलांना दाखवला, आणि असे दोन झाले तर काय म्हणाल असे विचारले. मुलांनी कधी न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन बिनचूक केले. मी सहज धाकट्याला म्हटले, "हा बघ एक टुंबा. आता असे तीन आले." तो म्हणाला, "तीन टुंबे." मग स्वतःहून म्हणाला, "त्या मधल्या टुंब्याची शेपटी तुटलीय." अनेकवचन, सामान्यरूप, षष्ठी, आणि शेपटीशी जुळणारी 'ची', सगळे एका दमात. संचात हे ३८, ६१ आणि ७४ व्या दिवशी येते. मी त्याला प्रेमाने सांगितले की असे पुढचे पुढचे बोलू नये.

लिंगाच्या बाबतीत तर सगळ्या उपनगरांनीच शिस्त सोडली आहे. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला मेट्रो धावू लागली आणि पहिल्याच दिवशी ती 'आली'. तो मेट्रो नाही, ते मेट्रो नाही. समिती नेमली नाही, शासन निर्णय निघाला नाही, अंधेरीच्या पुलावर उभ्या असलेल्या लाखभर माणसांनी घामाघूम अवस्थेत परस्पर ठरवून टाकले. मोबाइल तो, लोकल ती, स्टेशन ते. माझी मुले हे सगळे दूधपित्या वयापासून बिनदिक्कत करतात. व्याकरणकारांना याचा पक्का नियम सांगता येत नाही, आणि माझ्या घरातल्या साडेपाच वर्षांच्या व्यक्तीला तो मोडता येत नाही. अशा परिस्थितीत लिंग ओळखा, रिकाम्या जागा भरा, हा सराव किती गरजेचा आहे ते वेगळे सांगायला नको.

थोरलीने तर मला स्टेशनवर अडवले. २३ वा दिवस होता, पान झालेले, सही झालेली. जिन्याच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहिले होते आणि बाहेर रिक्षांपाशी 'येथे वाहने उभी करू नयेत'. ती म्हणाली, "थुंकायला नये आणि गाड्यांना नयेत. का?" मी म्हटले, गाड्या पुष्कळ असतात. ती म्हणाली, "थुंकणारेपण पुष्कळ असतात." मी गप्प. मग ती म्हणाली, "म्हणजे ते थुंकणाऱ्यांना मोजतच नाहीत ना? वाहनं मोजतात. पहिल्यात मोजायला कोणी ठेवलंच नाहीये." आता प्रामाणिकपणे सांगायचे तर भावे आणि कर्मणी प्रयोगातला फरक मला पहिल्यांदा कळला तो त्या जिन्यावर, मागून लोकांचे धक्के खाताना. पण भावना बाजूला ठेवून मी तिला आठवण करून दिली की प्रयोग १४२ व्या दिवशी आहेत. तोपर्यंत भिंती वाचू नयेत.

की वाचू नयेत हे कर्मणी झाले? असो.

दुसरी अडचण आमच्या आईची. ती आमच्याकडेच असते आणि तिची अध्यापनपद्धती अत्यंत अव्यवस्थित आहे. वेळ ठरलेली नाही, पान नाही, बहुतेक वेळा हातात कोथिंबीर असते. धाकटा खालून खेळून येतो तो खालची मराठी घेऊन. "आजी, मला लाडू नाही भेटला." आई मान वर न करता म्हणते, "लाडू कसा भेटेल? तो काय तुझा मामा आहे? मामा भेटतो. लाडू मिळतो." धाकटा खदखदून हसतो आणि दिवसभर घरात काय भेटते आणि काय मिळते याची यादी करत फिरतो. चप्पल मिळाली, डास भेटला. थोरली म्हणते, "मी तिला बोलली." आई विचारते, "काय म्हणालीस तू तिला?" थोरली सांगते, "मी म्हणाले…" आणि गोष्ट पुढे जाते. चूक दाखवली नाही, लाल खूण नाही, गुण नाहीत. याची नोंद कोणत्या चौकटीत करायची? उद्या मुक्त विद्यालयाने पुरावा मागितला तर कोथिंबिरीची जुडी दाखवायची का?

मी आईला समजावले, "आई, व्याकरण दहा ते दहा वाजून दहा. त्यानंतर चुका झाल्या तर होऊ देत, त्या त्या दिवशी त्या त्या पानावर निघतील." आई म्हणाली, "बरं बाबा." आणि डबा उघडून शेंगदाणे सोलायला बसली. मुले तिच्याकडे सरकू लागली तेव्हा मी त्यांना नवे स्टिकर दिले.

आता फळे दिसू लागली आहेत. सुरुवातीला थोरली एका पानाला चाळीस मिनिटे लावायची, कारण रिकाम्या जागेत एकाऐवजी दोन शब्द बसतात अशी तिची तक्रार असे आणि दोन्ही शब्द वापरून ती दोन वेगळ्या गोष्टी रचायची. हळूहळू तिला कळले की जागा एक आहे आणि शब्द वरच्या चौकटीतूनच घ्यायचा आहे. वेळ चाळिसावरून दहावर आला, दहावरून चारवर. फेब्रुवारीत तिने शेवटची पाने शोधून काढली. तेव्हापासून वेळ दोन मिनिटे झाली आणि चुका पूर्ण थांबल्या. ११७ व्या दिवसाचे उत्तर छापताना चुकले होते, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चौथ्याला लागले होते, तिनेही ते तसेच लिहिले. मी दाखवले तेव्हा म्हणाली, "पुस्तकात तसंच आहे." पूर्वी ही मुलगी दादोबांशी वाद घालत होती. मी समाधानाने सही केली.

मार्चअखेर तिची पहिली पातळी संपली. प्रमाणपत्र संचातच होते, नाव आपण घालायचे. आनंद म्हणून मी दोघांना घाटकोपरला नेले, स्टेशनबाहेर समोसे घेतले. कागद उघडताच धाकटा ओरडला, "बाबा, या समोशात मटार आहे!"

हे 'समोशात' मला खटकले, तसे ते नेहमीच खटकते. शब्द समोसा, त्यात 'श' कुठून आला? घसा-घशाला, ससा-सशाला, पैसा-पैशाला. पुल्लिंगी नामाच्या शेवटच्या 'सा'चा 'शा' होतो असे शुद्धलेखनाच्या नियमांत सरकारने मान्यच केले आहे. पण धाकट्याला नियम माहीत नाहीत आणि सरकारही माहीत नाही. संचाच्या ६१ व्या पानावर सामान्यरूपाचे बारा शब्द आहेत, त्यांत घोडा आहे, झाड आहे, नदी आहे, समोसा नाही. मी थोरलीकडे वळलो. तिने दुसरा समोसा फोडला होता.

"तुझ्यात पण मटार आहे का गं?"

ती थांबली. ती यादी आठवते आहे हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होते. मग स्वच्छ, सावकाश, मूळ शब्दाला कुठेही धक्का न लावता म्हणाली, "नाही. माझ्या समोसामध्ये फक्त बटाटा आहे."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. मी घरी येताना लोकलमध्येच त्याच्यासाठी पहिल्या पातळीचा संच मागवला. गुरुवारपर्यंत येईल.